मोंझाची नन: सिनेमाने बंद दारामागचं दाखवलं, पण तिला त्या दारापर्यंत आणलं कुणी?

कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टाय-बूट घातलेली, इंग्रजी कविता म्हणणारी पोरं येतात. पण या शब्दाचा मूळ अर्थ शाळा असा नाही. संन्यास घेतलेल्या ख्रिस्ती स्त्रिया, म्हणजे नन, जिथे एकत्र राहतात त्या मठाला कॉन्व्हेंट म्हणतात. आणि या मठांवर एकेकाळी असे सिनेमे निघाले, जे घरच्यांसोबत बसून बघायची सोय नव्हती.

मागच्या महिन्यात मी पिंगळीला, आमच्या गावी गेले होते. पूर्णा-परभणी रेल्वेमार्गावरचं हे छोटं स्टेशन. घरात आत्याच्या हक्कसोड पत्राचं काम होतं, सगळे जमले होते. रात्री फोन चाळताना एक रील समोर आली. कुठल्याशा जुन्या इटालियन सिनेमाचा तुकडा. ननचा वेश, मेणबत्त्या, बंद होणारं जाड दार आणि एका बाईची किंकाळी. वर लिहिलं होतं की ही सत्य घटना आहे.

सत्य घटना म्हटलं की शोधावंसं वाटतंच. शोधत गेले आणि सापडली मारियाना दे लेइवा. इटलीत तिला मोंझाची नन म्हणून शाळकरी पोरंही ओळखतात. तिची गोष्ट सिनेमात दाखवतात तिथे सुरू होत नाही. ती सुरू होते एका मृत्युपत्रापासून.

आधी समजून घेऊ, हा सिनेमाचा प्रकार काय आहे?

१९७०च्या दशकात युरोपात, विशेषतः इटलीत, अशा सिनेमांची लाट आली होती. कमी पैशांत, झटपट काढायचे आणि मारधाड, रक्त, नग्नता यांच्या जोरावर खपवायचे, अशा सिनेमांना एक्स्प्लॉयटेशन सिनेमा म्हणतात. त्यातलीच एक उपशाखा म्हणजे ननस्प्लॉयटेशन. जागा ठरलेली: जुना मठ. पात्रं ठरलेली: कोंडलेल्या तरुण नन, क्रूर मठाधिपतीण, चोरून आत येणारा पुरुष. शेवटही ठरलेला: छळ आणि शिक्षा.

सेन्सॉरचा फास सैल होत होता. देश कॅथलिक, त्यामुळे मठ ही सगळ्यात पवित्र आणि सगळ्यात बंदिस्त जागा. जे दिसत नाही ते बघायला तिकीट काढणारे लोक भरपूर. १९७१मध्ये ब्रिटिश दिग्दर्शक केन रसेलने फ्रान्समधल्या लुदाँ गावच्या १७व्या शतकातल्या प्रकरणावर द डेव्हिल्स काढला आणि मोठा गदारोळ झाला. तो सिनेमा गंभीर होता. पण त्याच्यामागून जी रांग लागली, त्यातल्या बऱ्याच सिनेमांना इतिहासाशी घेणं-देणं नव्हतं. जपाननेही १९७४मध्ये या धर्तीचा सिनेमा काढला. अगदी अलीकडे, २०२१मध्ये, पॉल व्हरहोवनचा बेनेदेत्ता आला. तोही १७व्या शतकातल्या एका खऱ्या इटालियन ननवर बेतलेला होता.

या सगळ्या गर्दीत मोंझाची नन पुन्हा पुन्हा येते. १९६९मध्ये एरिप्रांदो व्हिस्कोंतीने तिच्यावर सिनेमा काढला. त्यात अॅन हेवूड ही ब्रिटिश अभिनेत्री होती आणि संगीत एन्नियो मोरिकोनेचं होतं. १९८०मध्ये ब्रुनो मात्तेईने आणखी एक काढला. त्याच्या नावातच खरी कहाणी असे शब्द होते.

मग खरी कहाणी काय होती?

महालात जन्मलेली मुलगी

मोंझा म्हणजे तेच गाव, जिथे आज फॉर्म्युला वनच्या शर्यती होतात. उत्तर इटलीत, मिलानला लागून. १६व्या शतकात हा सगळा मुलूख स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता आणि मोंझाची जहागीर दे लेइवा या स्पॅनिश घराण्याकडे होती. पणजोबा अंतोनियो दे लेइवा हा सम्राट पाचव्या चार्ल्सचा नावाजलेला सेनापती.

मारियानाचा जन्म १५७५च्या डिसेंबरमध्ये मिलानच्या पालात्सो मारिनोमध्ये झाला. आज त्या महालात मिलानची महापालिका आहे. महाल आईच्या माहेरचा होता. आई व्हर्जिनिया ही तोमासो मारिनो या गडगंज सावकाराची मुलगी. तिचं हे दुसरं लग्न. पहिल्या नवऱ्यापासूनही तिला मुलं होती.

मारियाना वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, १५७६मध्ये, मिलानमध्ये प्लेगची साथ आली आणि आई गेली. जाताना मृत्युपत्रात तिने आपल्या संपत्तीत मारियानाला मोठा वाटा ठेवला. म्हणजे ही तान्ही मुलगी कागदावर श्रीमंत होती. पण वाट्यावरून नातेवाइकांत कोर्टकज्जे सुरू झाले आणि मुलीच्या पैशाचा कारभार वडिलांच्या, मार्तिनो दे लेइवाच्या, हातात गेला.

वडील लष्करी नोकरीतले, सतत बाहेर. मारियाना आत्याकडे वाढली. १५८८मध्ये वडिलांनी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला दुसरं लग्न केलं आणि तिकडेच संसार थाटला. आता मिलानमधल्या थोरल्या लेकीचं काय करायचं, हा प्रश्न उरला.

लग्न महाग, संन्यास स्वस्त

त्या काळात मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्समधल्या बड्या घरांत हुंड्याचे दर आकाशाला भिडले होते. मुलीचं बरोबरीच्या घरात लग्न करायचं म्हणजे घराची अर्धी तिजोरी रिकामी. मठातही मुलीसोबत हुंडा द्यावा लागायचा, पण तो लग्नाच्या हुंड्यापेक्षा कितीतरी कमी. शिवाय नन झालेली मुलगी इस्टेटीत वाटा मागायला परत येत नाही. त्यामुळे अनेक घरांत एखादीचं लग्न आणि बाकीच्या मठात, असा सरळ हिशोब असायचा.

चर्चला हे माहीत नव्हतं असं नाही. १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नियम केले होते. १६ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय शपथ नाही. त्याआधी एक वर्ष उमेदवारी. मुलीची खरंच इच्छा आहे का, हे तिला विचारायचं. आणि जबरदस्ती करणाऱ्याला धर्मबहिष्कृत करायचं. कागदावर सगळं चोख होतं. पण वडील, आत्या, काका सगळे एका बाजूला असताना १३ वर्षांच्या मुलीने हो म्हटलं, तर ती कुणाची इच्छा समजायची?

मारियाना साधारण १३व्या वर्षी मोंझाच्या सांता मार्गेरिता मठात दाखल झाली. १५९१च्या सप्टेंबरमध्ये तिने शपथ घेतली. तारखा जुळवल्या तर तिला १६ पूर्ण व्हायला अजून काही महिने होते. नन झाल्यावर नवीन नाव घ्यायचं असतं. तिने नाव घेतलं व्हर्जिनिया मारिया. व्हर्जिनिया हे तिच्या आईचं नाव.

आईकडून आलेल्या संपत्तीचा फायदा वडिलांच्या नव्या संसाराला झाला. मठाला कबूल केलेली रक्कमही त्यांनी वेळेवर आणि पूर्ण दिली नाही.

मठात राहून गावाचा कारभार

इथे गोष्ट थोडी वेगळी होते. मारियाना साधी नन नव्हती. जहागीरदाराची मुलगी होती. वडील परदेशात असताना मोंझाच्या कारभारातली कामं तिच्याकडे यायची. त्यामुळे गावात तिला मालकीणबाई, म्हणजे सिन्योरा, म्हणत. मठात तिला वेगळ्या खोल्या होत्या, तिच्या शब्दाला वजन होतं आणि काही नन तिच्या खास मर्जीतल्या होत्या.

म्हणजे मठाबाहेर पाऊल टाकायची मुभा नाही, पण मठाच्या आत तिला अडवणारंही कुणी नाही. पुढे जे घडलं त्यात या विचित्र परिस्थितीचा मोठा हात आहे.

भिंतीपलीकडचा शेजारी

मठाच्या बागेला लागून एका श्रीमंत घराण्याचा वाडा होता. त्यात राहायचा जान पाओलो ओसिओ. तरुण, पैसेवाला आणि हात उगारायला मागेपुढे न बघणारा. १५९७मध्ये त्याने दे लेइवा घराण्याच्या एका कारभाऱ्याचा खून केला. मारियाना भडकली होती. त्याला पकडा असा तिचा आग्रह होता. ओसिओ काही काळ गायब झाला आणि प्रकरण थंड झाल्यावर परत आला.

मग खिडकीतून नजरानजर, मग चिठ्ठ्या. ओसिओच्या ओळखीतला एक पाद्रीच या पत्रव्यवहारात मदत करत होता. मर्जीतल्या नन निरोप पोचवायच्या. यथावकाश मठाच्या दाराच्या नकली किल्ल्या तयार झाल्या. हे संबंध वर्षानुवर्षं चालले. १६०२मध्ये मारियानाला मृत बाळ झालं. १६०४मध्ये मुलगी झाली. ओसिओने तिला आपली मुलगी म्हणून कायदेशीर मान्यता दिली आणि ती त्याच्या घरी वाढली.

मारियानाने सुटायचे प्रयत्नही केले. ती आजारी पडली, तिने संबंध तोडले, पुन्हा जोडले. नंतर जबानीत तिने सांगितलं की कुठलीतरी सैतानी शक्ती आपल्याला ओढून नेत होती. आज आपण याला काय म्हणू? प्रेम, धाक, एकटेपणा की तिन्ही? चारशे वर्षांनी त्याचा निवाडा करणं अवघड आहे. पण १३व्या वर्षी कोंडलेल्या बाईला बाहेरचं जग त्या एका खिडकीतूनच दिसत होतं, एवढं लक्षात ठेवायला हवं.

कातेरीनाला विसरू नका

इथवर वाचून मारियानाची दया येते. पण तिच्यामुळे एका मुलीचा जीव गेला. ही गोष्ट सिनेमावाले घाईघाईत उरकतात आणि मारियानाच्या बाजूने लिहिणारेही.

मठात दोन प्रकारच्या स्त्रिया असायच्या. मोठ्या घरच्या, हुंडा घेऊन आलेल्या नन. आणि गरीब घरच्या, झाडलोट-स्वयंपाक करणाऱ्या सेविका. कातेरीना ही सेविकांपैकी एक होती, मेदा गावची. १६०६च्या उन्हाळ्यात तिला कसल्याशा कारणावरून मठातच कोंडून ठेवलं होतं. चर्चचा मोठा अधिकारी पाहणीला येणार होता. आपण त्याला सगळं सांगणार, असं कातेरीनाने बोलून दाखवलं.

त्या रात्री ओसिओ मठात आला. मारियाना आणि तिच्या चार साथीदार नन तिथे होत्या. ओसिओने कातेरीनाच्या डोक्यात घाव घालून तिला ठार मारलं. प्रेत बाहेर नेलं. बागेच्या भिंतीला भोक पाडलं, म्हणजे पोरगी पळून गेली असं वाटावं. आणि बरेच दिवस लोकांना तसंच वाटत राहिलं. गरीब घरची सेविका पळून गेली, यात शोध कसला घ्यायचा?

एक खून लपवायला पुढचे खून करावे लागले. किल्ल्या बनवणारा लोहार मारला गेला. गावात कुजबुज करणारा औषधविक्याही मारला गेला. आता मात्र मिलानपर्यंत बोभाटा झाला.

खटला

मिलानचा आर्चबिशप होता फेदेरीको बोर्रोमेओ. विद्वान माणूस. याच सुमारास, १६०९मध्ये, त्याने मिलानमध्ये अम्ब्रोसियाना हे ग्रंथालय लोकांसाठी खुलं केलं. त्याने चौकशी सुरू केली. १६०७च्या नोव्हेंबरमध्ये मारियानाला मोंझातून उचलून मिलानच्या दुसऱ्या मठात नेण्यात आलं.

ओसिओने उरलेले साक्षीदार संपवायचं ठरवलं. पळवून नेतो असं सांगून त्याने साथीदारांपैकी दोघींना, ओत्ताव्हिया आणि बेनेदेत्ता यांना, मठाबाहेर काढलं. ओत्ताव्हियाला मारहाण करून लांब्रो नदीत ढकललं. बेनेदेत्ताला विहिरीत टाकलं. दोघीही लगेच मेल्या नाहीत. लोकांनी त्यांना बाहेर काढलं आणि त्यांनी तोंड उघडलं. ओत्ताव्हिया काही आठवड्यांत गेली, बेनेदेत्ता जगली. त्याच विहिरीत कातेरीनाचं डोकंही सापडलं.

१६०८मध्ये ओसिओला गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला गेला. त्याचं घर जमीनदोस्त करण्यात आलं. तो मिलानमध्ये एका मित्राच्या आश्रयाला गेला आणि त्या मित्रानेच त्याला मारलं.

मारियानाचा निकाल १६०८च्या ऑक्टोबरमध्ये लागला. तिला भिंतीआड चिणून ठेवायची शिक्षा झाली.

अनारकलीसारखं?

आपल्याकडे चिणणं म्हटलं की मुघल-ए-आझममधली अनारकली आठवते. ही शिक्षा तशी मारून टाकण्याची नव्हती. मिलानच्या सांता व्हालेरिया मठात जेमतेम तीन मीटर लांब आणि दोन मीटरहूनही कमी रुंद अशी खोली. दार विटांनी बंद. जेवण आत सरकवायला आणि थोडा उजेड यायला एक फट. या खोलीत मारियाना जवळपास १४ वर्षं राहिली. आत गेली तेव्हा ३२ वर्षांची होती. १६२२मध्ये भिंत फोडली तेव्हा ४६ची.

तिला खरंच पश्चात्ताप झाला आहे, असं बोर्रोमेओचं मत झालं होतं. पुढे तो तिच्याकडे सुधारलेल्या पाप्याचा आदर्श म्हणून बघू लागला. सुटल्यावर तिला जायला जागा नव्हती. ती त्याच मठात राहिली आणि १६५०च्या जानेवारीत, ७४व्या वर्षी, वारली. १३व्या वर्षापासून मरेपर्यंतचं सगळं आयुष्य तिने कुठल्या ना कुठल्या मठात काढलं.

कादंबरी, कागद आणि कॅमेरा

तिची गोष्ट पुढे अलेस्सांद्रो मान्झोनीने उचलली. १८२७मध्ये त्याची प्रसिद्ध कादंबरी आली, जी इटलीत आजही शाळेत शिकवतात. त्यात ती जेर्त्रूदे या नावाने येते. मान्झोनीने आधीच्या खर्ड्यात प्रकरण सविस्तर लिहिलं होतं, पण छापताना प्रेमप्रकरण जवळपास एका छोट्या वाक्यावर आणलं. पानंच्या पानं दिली ती वडिलांना. लहानपणी खेळायला ननच्या वेशातल्या बाहुल्या देणं, घरात अबोला धरणं, न मारता पोरीकडून होकार काढून घेणं, हे सगळं त्याने उलगडून दाखवलं. तपशील त्याच्या कल्पनेतले होते, पण दुखणं त्याने बरोबर ओळखलं होतं.

खटल्याचे मूळ कागद मात्र मिलानच्या चर्चच्या दप्तरात बंद होते. २०व्या शतकाच्या मध्यावर ते अभ्यासकांना बघायला मिळाले. १९६१मध्ये मारिओ मात्सुकेल्लीचं त्यावरचं पुस्तक आलं आणि तिची जबानी लोकांपर्यंत पोचली. पुढे १९८५मध्ये खटल्याचे कागद पुस्तकरूपाने छापले गेले.

या दोन पुस्तकांच्या मधल्या काळात सिनेमावाले आले. त्यांना कागदात काय दिसलं? नकली किल्ली, बिछाना, रक्त, भिंत. व्हिस्कोंतीच्या सिनेमात निदान सत्ता आणि चर्च यांचा विचार होता. मात्तेईच्या सिनेमात तोही नव्हता. पैशाची गोष्ट कुणाला दाखवावीशी वाटली नाही, कारण मृत्युपत्राचं पोस्टर होत नाही.

हे आपल्यापासून फार लांब आहे का?

जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनचा पडका मनोरा अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या समोरच सांता मोनिकाची भव्य इमारत आहे. तिथे आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. हा ननचा मठ १६०६मध्ये सुरू झाला, म्हणजे ज्या वर्षी मोंझात कातेरीना मारली गेली त्याच वर्षी. बांधकाम १६२७पर्यंत चाललं. मुख्यतः पोर्तुगीज घरांतल्या मुली आणि विधवा तिथे जायच्या. श्रीमंत स्त्रिया आपली मालमत्ता घेऊन मठात जातात, अशी तक्रार गोव्याच्या नगरसभेने थेट राजाकडे केली होती. तिथेही वादाच्या मुळाशी बायकांच्या नावावरचा पैसाच होता. पण प्रत्येक नन जबरदस्तीनेच आत गेली असं नाही. विधवांसाठी आणि लग्न नको असलेल्या मुलींसाठी मठ हा आसराही होता. तिथे लिहिता-वाचता यायचं, कारभार बघता यायचा.

पिंगळीहून परळीच्या गाडीत बसलं की पुढे गंगाखेड लागतं. संत जनाबाईंचं गाव. परंपरा सांगते की जनाबाईही लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी आल्या आणि तिथे दासी म्हणून राबल्या. पण जनाबाईंचं म्हणणं त्यांच्याच अभंगांतून आपल्यापर्यंत आलं. मारियानाचं म्हणणं आलं ते चौकशी अधिकाऱ्याच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांतून.

आणि हक्कसोड पत्र?

महाराष्ट्रात १९९४पासून आणि देशभर २००५पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांइतका हक्क आहे. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो पुन्हा स्पष्ट केला. कायदा चोख आहे, ट्रेंटच्या नियमांसारखाच. तिथेही मुलीला तिची इच्छा विचारायची होती, इथेही विचारतात. स्वखुशीने सही करताय ना, असं आत्यालाही विचारलं गेलं. आत्या हो म्हणाली. माहेर तुटू नये म्हणून किती बायका असंच हो म्हणतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशी तिला साडी मिळाली. जेवायला पुरणपोळी होती. सगळे हसत होते, आत्याही.

मठ आणि माहेर एक नाही, आणि आत्याला कुणी कोंडलेलं नाही. पण त्या रात्री रीलमधली किंकाळी ऐकताना वाटलं, मारियाना १५९१मध्ये शपथ घेताना ओरडली नसणार. तिनेही शांतपणे हो म्हटलं असणार. म्हणून तर तो प्रसंग सिनेमात कुणी नीट दाखवत नाही.

पुढच्या वेळी अशी एखादी रील समोर आली, तर बंद दाराच्या आत काय चाललंय हे बघण्याआधी दार कुणी बंद केलं आणि त्यातून कुणाचा फायदा झाला, हे जरूर विचारा.